दिवाणाखालचा सबवूफर

वायरलेस म्हणजे अजिबात वायर नसलेलं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं पहिल्या पाच मिनिटांत वाजतं. मागच्या दोन स्पीकरना आवाज हवेतून येतो, कबूल. पण वीज काही हवेतून येत नाही, तिला भिंतीतला प्लगच लागतो. हे मी गेली अकरा वर्षं औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत घरोघरी सांगत आलेय, आणि तरी प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, "मग वायरलेस कशाला म्हणायचं?"

एकोणीस सालच्या मे महिन्यात मंदारही तेच म्हणाला. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, जुना बंगला पाडून बांधलेल्या सहा घरांच्या इमारतीत तळमजल्यावर तो राहायचा. तो, त्याची बायको आणि आई, यमुनाबाई. नवरा-बायको दोघं वाळूजला नोकरीला. सकाळी आठला बाहेर पडायचे ते दिवेलागणीलाच उगवायचे.

"आई टीव्ही फार मोठ्यानं लावते," मंदार म्हणाला. "आवाज फाटतो. म्हटलं, मोठ्यानंच लावायचा तर निदान गोड तरी वाजू दे."

समोर तीन स्पीकर, मागं दोन, आणि एक सबवूफर, म्हणजे खालचा, जाड, छातीत घुमणारा आवाज देणारी काळी पेटी. मागचे दोन आणि सबवूफर वायरलेस. सामान चांगलं होतं. माणूसही बरा होता, फक्त घाईचा.

मी मेघा. होम थिएटर बसवते. दारात बाईमाणूस आणि हातात ड्रिल बघून लोक विचारतात, "तुमचे मिस्टर मागून येताहेत का?" मिस्टर येत नाहीत. ते बँकेत आहेत आणि त्यांना घरातला बल्बही धड बदलता येत नाही. हे काम मी माझ्या बाबांकडून शिकले. धोंडिबा लाउडस्पीकरवाले म्हटलं की लासूर स्टेशनला कुणीही घर दाखवायचं. लग्न असो, सभा असो, चौदा एप्रिल तर असतोच, बाबांचे कर्णे खांबावर चढायचे. कर्णा बांधण्याआधी बाबा मैदानाच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे आणि डोळे मिटून ती कुठं कुठं जाते ते ऐकायचे. मीही प्रत्येक खोलीत आधी टाळी वाजवते. लोकांना ते खुळ्यासारखं दिसतं. दिसू दे.

बैठकीच्या खोलीत मी टाळी वाजवली तेव्हा यमुनाबाई एकट्याच घरात होत्या. पडदे ओढलेले, बाहेर पांढरं ऊन, कूलरची टाकी कोरडी म्हणून कूलर बंद. टाळी भिंतीवरून फिरून मागच्या दारानं मोरीकडे गेली आणि तिथं विरली. यमुनाबाई दिवाणावर बसून माझ्याकडे बघत होत्या. हसल्या.

"छान खोली आहे, काकू," मी म्हणाले. "बोलेल चांगली."

"बोलू दे बाई," त्या म्हणाल्या. "दिवसभर दुसरं कोण बोलतंय इथं."

त्या वर्षी जायकवाडीचं पाणी पार तळाला गेलं होतं, आणि त्या गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा, वेळ नक्की नाही. आला की पाऊण तास. इमारतीला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ आधी यमुनाबाईंच्या मागच्या मोरीत उघडायचा, मग हौदात. त्या नळाचं तोंड कायम मोकळं ठेवलेलं असे, खाली बादली. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुटते, नळ बारीक फुसफुसायला लागतो. ती फुसफूस ऐकून यमुनाबाई जिन्यात जायच्या आणि हाक मारायच्या, "नळ आला!" मग पहिल्या मजल्यावरचे अनंतराव किल्ली घेऊन मोटर चालू करायला धावायचे आणि बाकीची घरं हंडे-कळश्या घेऊन खाली यायची. मोटरनं वेळेवर ओढलं नाही तर हौदात नुसतं ठिबकायचं, साठायचं काहीच नाही.

आजूबाजूच्या इमारतींत यासाठी पाळ्या होत्या, भांडणं होती. इथं वीस वर्षं एकट्या यमुनाबाई. पाणी भरून झालं की अनंतराव दारात थांबून विचारायचे, "यमुनाबाई, आता पुढचा कधी?" त्या बोटावर काहीतरी मोजून एक वार सांगायच्या आणि बहुतेकदा तो बरोबर निघायचा. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, मी भिंतीला खुंट्या ठोकत असताना. सांगताना त्या ताठ बसल्या होत्या. मला माझे बाबाच आठवले, तेही कर्ण्यांबद्दल बोलताना असेच ताठ बसायचे.

पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सगळं बसलं. मागचे स्पीकर तपासायला माझ्याकडे माझंच एक रेकॉर्डिंग आहे. दोन वर्षांपूर्वी लासूरजवळ शिवना नदीला पाणी होतं, तेव्हा बंधाऱ्यावरून पडणाऱ्या धारेचा आवाज मी पकडून ठेवला होता. तो फक्त मागच्या स्पीकरला लावते. माणूस मान वळवून मागं बघतो, की समजायचं काम फत्ते.

मी तो लावला आणि वायरी गोळा करायला वाकले. मान वर केली तर दिवाण रिकामा. जिन्यातून यमुनाबाईंची हाक ऐकू आली, "नळ आला! अनंतराव, नळ आला हो!"

वरून दारं उघडली, भांडी आपटली, चपला वाजल्या. दुसऱ्या मजल्यावरची मनस्विनी दोन महिन्यांचं बाळ खांद्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन उतरली. अनंतरावांनी मोटर लावली. मोटर कोरडी किंचाळली. मोरीत सगळे गोळा झाले तर नळ तसाच आ वासून, आणि बैठकीच्या खोलीत शिवना खळाळतेय. एक क्षण सगळे ते पाणी ऐकत उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी कुणालाच राग आला नव्हता. त्या तापलेल्या दुपारी, हातात रिकामी भांडी घेऊन, सहा घरांची माणसं डोळे अर्धे मिटून नदी ऐकत होती. मनस्विनीचं बाळही गप्प झालं होतं.

मग मी धावत जाऊन आवाज बंद केला आणि सगळे भानावर आले.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "मी तपासायला लावलं होतं. काकूंचा काय दोष नाय."

"मोटर जळाली असती ना हो!" अनंतराव घाम पुसत म्हणाले. "हौदात थेंब नाही, आणि मी आपला बटण दाबून मोकळा. या दिवसांत नवी मोटर कुठून आणायची?"

मनस्विनी बाळाला थोपटत हळूच म्हणाली, "काकूंचा कान कधी चुकत नाही. पण मागच्या दोन वेळा शेजारच्या इमारतीत नळ आला होता म्हणे. आपल्याकडे कसा आला नाही, कुणास ठाऊक."

यमुनाबाई पदर खोचून रिकाम्या बादलीकडे बघत राहिल्या. ती नजर मला आवडली नाही. मी अवजारं पिशवीत भरली, पण रात्री जेवतानाही ती नजर माझ्या ताटात होती.

दुसऱ्या दिवशी मी सेटिंगचं निमित्त काढून गेले. तसं काम खरंच उरलं होतं. माणूस जिथं बसतो तिथं कुठला आवाज किती पोचतो हे बघावं लागतं. मी यमुनाबाईंना दिवाणाच्या मध्यभागी बसवलं.

"काकू, डोळे मिटा. आवाज आला की बोट वर करा. बारीक आवाजापासून सुरू करते, मग जाड."

त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर. मी मोबाइलवरून सगळ्यात बारीक सूर सोडला. मला तो कपाळात टोचला. गॅलरीच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. यमुनाबाई शांत. मी सूर थोडा खाली आणला. शांत. आणखी खाली. पंख्याचं हलकं घरघरणं, पडद्याच्या कडेनं येणारी उन्हाची एक रेघ, आणि त्या डोळे मिटून, वाट बघत, बोट तयार ठेवून. किती पायऱ्या खाली उतरले मी, तेव्हा कुठं ते बोट अर्धवट उठलं. नळाची फुसफूस त्या पायऱ्यांच्या कितीतरी वर होती.

मी थांबले नाही. थांबले असते तर त्यांना कळलं असतं. सूर आणखी खाली उतरवत सबवूफरपर्यंत आणला. फरशी थरथरली. यमुनाबाईंचं बोट ताठ वर गेलं आणि चेहरा एकदम लहान मुलीचा झाला.

"ही तर मालगाडी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "लासूर स्टेशनला आमचं घर रुळाला लागून होतं. मालगाडी ऐकू यायच्या आधी पायांना कळायची. मी अंगणात अनवाणी उभी राहायची."

"तुम्ही लासूरच्या?"

"माहेर तिथलं. वडील पूजा सांगायचे." त्यांनी डोळे उघडले. "आणि रुळापलीकडे तुमची वस्ती. धोंडिबाचे कर्णे लागले की अख्ख्या स्टेशनात गाणी. वडील म्हणायचे, खिडकी लाव. मी लावायची नाही. नुसती लोटून ठेवायची."

मी बाबांचं नाव त्यांना सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तू काल टाळी वाजवलीस ना. अशी टाळी वाजवून मैदानात उभा राहणारा एकच माणूस मी पाहिलाय, रुळाच्या अलीकडून."

मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही. मग त्याही रडल्या. आणि त्यातच बोलून गेल्या.

"दोन्ही वेळा नळ आला होता गं. इथं बसूनच होते मी. उठून पाहते तर बादली काठोकाठ भरलेली आणि नळ कोरडा. पहिल्या वेळी वाटलं, डोळा लागला असेल. दुसऱ्या वेळी जागी होते. ती बादली मी गुपचूप वापरली. वर मनस्विनी त्या पोराला टँकरच्या खाऱ्या पाण्यानं अंघोळ घालत होती, त्याच्या अंगावर पुरळ उठलं, आणि मी बादली लपवली." त्यांनी माझा हात धरला. "कुणाला सांगू नको. हे एक काम आहे माझं या घरात. हेही गेलं तर मी नुसती बसलेली."

"नाय सांगणार," मी म्हणाले. आणि मग माझं डोकं चालायला लागलं, कारण नुसतं रडत बसणं मला जमत नाही.

मोरीत एक मातीचा रांजण होता. दोन महिने कोरडा, तोंडावर ताट. मी नळाला रबरी नळी लावली आणि तिचं टोक रांजणाच्या काठावर असं आडवं बांधलं, की हवा सुटली तर तोंडावरून जावी. लहानपणी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आपण भोंगा वाजवतो, तेच. मी नळीत फुंकलं. रांजण हुंकारला. पोट मोठं म्हणून सूर जाड, अगदी खालचा. सभांना लागणारा बाबांचा एक वायरलेस माईक माझ्या पिशवीत असतो, तो रांजणाच्या गळ्याशी बांधला. त्याचा रिसीव्हर सबवूफरच्या मागं. सबवूफर ओढत आणून यमुनाबाईंच्या दिवाणाखाली सरकवला. माईकची बॅटरी आठ दिवस टिकणार नाही, म्हणून त्याला चार्जरची वायर कायमची लावून टाकली. वायरलेसचं हे असं असतं.

"पाय खाली सोडा," मी सांगितलं आणि मोरीत जाऊन नळीत पुन्हा फुंकलं.

बाहेर आले तर त्या दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकवून बसल्या होत्या. फक्त मान हलवली, पुन्हा पुन्हा.

संध्याकाळी मंदार आला आणि थबकला. "सबवूफर टीव्हीशेजारी असतो ना?"

"असतो. पण या खोलीत जाड आवाज त्याच कोपऱ्यात भरतोय."

धंद्यात मी असं अर्धं खोटं कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. शनिवारी येऊन शेवटचं बघून जाते, असंही सांगितलं, कारण यमुनाबाईंच्या बोटांनी शनिवार सांगितला होता.

शनिवारी मंदारला सुट्टी होती. त्याची बायको माहेरी गेली होती. तो टीव्हीवर काहीतरी बघत लोळत होता, मी उगाच एका स्पीकरचा स्क्रू आवळत होते. साडेतीन वाजले असतील. उन्हानं गल्ली ओस पडलेली. यमुनाबाई दिवाणावर, पाय खाली, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या.

आधी मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त त्यांच्या पायांची बोटं हलली. मग फरशीतून एक घुमणं वर यायला लागलं. फार लांबून, फार सावकाश. मंदारनं रिमोटकडे बघितलं, त्याला वाटलं सिनेमातलं काहीतरी. यमुनाबाईंनी डोळे उघडले. त्या उठल्या आणि जिन्यात गेल्या.

"नळ आला!"

कुणीही आलं नाही. वर एक दार किलकिलं झालं. मनस्विनीनं वाकून विचारलं, "काकू, टीव्ही तर नाही ना?" कुठल्यातरी मजल्यावर कुणी हसलं. अनंतराव कठड्याला टेकून उभे राहिले, हातात किल्ली, पण पाय हलेना.

"मंदार," त्यांनी हाक दिली, "स्पीकर बंद कर रे जरा. मोटर परवा कशीबशी वाचलीय."

पाऊण तासातली मिनिटं जात होती. मी तोंड उघडणार होते. वचन गेलं खड्ड्यात, असं ठरवलंही होतं. पण यमुनाबाईंनी हात वर करून मला थांबवलं. कठडा धरून त्या वर बघत मोठ्यानं बोलल्या.

"अनंतराव, मला ऐकू येत नाही. फुसफूस तर कधीचीच येत नाही. मागच्या दोन्ही वेळा नळ आला होता. मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी बादली लपवली. मनस्विनी, तुझ्या बाळाचं पुरळ माझ्यामुळं आहे. काय बोलायचं ते नंतर बोला. पण आज माझ्या पायाला कळलंय. नळ आलाय. चला!"

मग अनंतराव उतरले, माझ्या अंदाजानं सत्तर वर्षांचा माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत, आणि त्यांनी हौदाचं झाकण सरकवून आत कान दिला. तिथूनच ओरडले, "आलंय! पाणी आलंय!" मोटर लागली. या वेळी ती किंचाळली नाही, भरल्या घशानं गुरगुरली.

मग काय, सगळी इमारत जिन्यात. हंडे, कळश्या, बाळाचा अंघोळीचा टबही. मनस्विनी यमुनाबाईंच्या समोर थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. "धरा याला, मी भरून घेते," म्हणाली आणि मोरीत गेली. पाण्यानं बोलायला वेळच ठेवला नव्हता.

मंदार अजून खोलीत उभा होता, रिमोट हातात. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू टीव्हीचा आवाज ऐकलास," यमुनाबाई म्हणाल्या. "मला विचारलं नाहीस." बोलण्यात राग नव्हता. तो खाली बघत त्यांच्या जवळ जाऊन बसला.

नळीतून आता धार रांजणात पडत होती. पोट भरत गेलं तसा सूर चढत गेला, आधी दिवाणाखाली घुमणारा, मग पातळ, मग आणखी पातळ, आणि शेवटी सबवूफरच्या हातातून सुटून गेला. फरशी शांत झाली. यमुनाबाईंनी बाळाला छातीशी धरून घाबरून पायांकडे बघितलं.

"थांबलं. मेघा, गेलं का गं पाणी?"

"गेलं नाय, काकू," मी म्हणाले. "रांजण भरला."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी समोर बसून, तोंड दिसेल असं, पुन्हा सांगितलं. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी ते बाळाच्या कानात सांगितलं.

सव्वाचारला नळ गेला. घरं वर परतली. जिना ओला, आणि ओल्या फरशीचा वास सगळ्या इमारतीत. अनंतराव सगळ्यात शेवटी निघाले. दारापाशी आले, थांबले. मला वाटलं, आता पाळ्यांची यादी काढतील, आणि यमुनाबाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या पुन्हा ताठ बसल्या. अनंतराव आत आले. त्यांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, वाकून उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं म्हणाले,

"यमुनाबाई, आता पुढचा कधी?"

त्यांनी बोटं मोजायला बराच वेळ घेतला. डोळे पुसावे लागले ना मध्ये.

"पुढच्या रविवारी. दुपारून," त्या म्हणाल्या. "आणि एका हाकेत खाली यायचं."

"येतो," अनंतराव म्हणाले आणि किल्ली खुळखुळवत वर गेले.

मी पिशवी आवरली. बाबांचा माईक तिथंच राहू दिला. सबवूफर टीव्हीजवळ हलवायचा का, हे मंदारनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. निघताना यमुनाबाई म्हणाल्या, "ते धोंडिबाकडचं एखादं जुनं गाणं असेल ना तुझ्याकडे? जाड आवाजातलं. लावून जा." मी लावलं. त्यांनी पाय फरशीवर टेकवले, आणि मंदारला सांगून रस्त्याकडची खिडकी सताड उघडायला लावली.